आसवनीतला मका : यीस्टची निवड आणि आंबवण



आपल्या आसवनीत (डिस्टिलरीत) मळीच्या जोडीने मकाही वापरायचा, हे ठरल्यापासून गट कार्यालयात येणारे सभासद आम्हाला एकच प्रश्न विचारतात. "साहेब, मळी चाखली तर गोड लागते. तिचं स्पिरिट होतं हे समजतं. पण मक्यात गोडवा कुठं असतो? दळला तर पीठ होतं. पिठाचं स्पिरिट कसं व्हायचं?" प्रश्न अगदी रास्त आहे. काही तरुण सभासद पुढे जाऊन असंही विचारतात, की हेच काम घरी पिंपात का होऊ नये? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे या लेखात देण्याचा प्रयत्न करीत आहोत. आसवनी ही सभासदांच्या मालकीची आहे. तिच्यात काय चालते हे मालकाला ठाऊक असावे, एवढाच यामागे हेतू.

मका आला कसा?

पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्यास २००३ साली महाराष्ट्रासह ९ राज्यांत सुरुवात झाली. २०२२ मध्ये देशात हे प्रमाण १० टक्क्यांवर गेले आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांवर पोचले. मागणी वाढली, पण उसाचा भरवसा पावसावर. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने उसाचा रस आणि बी-हेवी मळी इथेनॉलकडे वळविण्यावर निर्बंध आणले. ते २०२४-२५ च्या हंगामासाठी ऑगस्ट २०२४ मध्ये उठविण्यात आले. त्या एका वर्षात अनेक आसवन्यांना मळीअभावी हात चोळीत बसावे लागले. त्याच वर्षी देशात इथेनॉलसाठी मका सर्वांत पुढे गेला. पुढे मार्च २०२५ मध्ये सहकारी कारखान्यांनी आपल्या आसवन्या मका व खराब धान्यावरही चालतील अशा कराव्यात, म्हणून व्याज-सवलतीची योजना केंद्राने जाहीर केली.

सांगायचे तात्पर्य, मका हा उसाचा वैरी म्हणून आलेला नाही. आपला गाळप हंगाम चार-पाच महिन्यांचा. मळी संपली की आसवनी थंड, पण कर्जाचे व्याज आणि कामगारांचा पगार मात्र चालूच. ते रिकामे महिने भरून काढायला मका आहे.

यीस्टचे खाणे एकच – साखर

स्पिरिट तयार करणारे खरे कामगार म्हणजे यीस्ट. डोळ्यांना न दिसणारा हा एकपेशीय जीव बुरशीच्या कुळातला. ब्रेड फुगवणारा, बिअर-वाइन करणारा आणि आपल्या फर्मेंटरमध्ये राबणारा, हे सगळे एकाच जातीचे. शास्त्रीय नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. तो साखर खातो आणि तिचे दोन भाग करतो. एक अल्कोहोल, दुसरा कार्बन डायऑक्साइड वायू.

हिशेब सोपा आहे. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून पुस्तकी हिशेबाने ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू मिळतो. म्हणजे १ किलो साखरेतले ५११ ग्रॅम अल्कोहोलात जातात. लिटरच्या भाषेत ते सुमारे ६४८ मिलिलिटर भरते. याच्यावर कोणतेही यीस्ट, कितीही महाग आणले तरी, एक थेंब जास्त देऊ शकत नाही. प्रत्यक्षात थोडी साखर यीस्ट स्वतःच्या वाढीसाठी खाते, थोडी वाया जाते. म्हणून शंभरापैकी ८५ ते ९० पदरात पडले तर आसवनी चांगली चालली असे समजावे.

मळीत ही साखर तयारच असते. पाणी घालून मळी पातळ केली, यीस्ट सोडले, की काम सुरू. मक्यात मात्र साखर नावापुरतीच. त्याच्या दाण्यात आहे स्टार्च, म्हणजे पिठूळ भाग. शंभर किलो मक्यात तो साधारण ६० ते ६५ किलो असतो. स्टार्च म्हणजे काय, तर ग्लुकोजच्या हजारो मण्यांची गुंफलेली माळ. यीस्टचे तोंड लहान. एकेक मणी त्याला गिळता येतो, अखखी माळ नाही. कोरडा मक्याचा भरडा पाण्यात कालवून त्यात यीस्ट टाकले आणि आठ दिवस वाट बघितली, तर ते पीठ आंबेल, वास मारेल, पण स्पिरिट म्हणण्यासारखे काही हाती येणार नाही.

पिठाची साखर कशी होते?

हे आपल्या घरातही होते, फक्त आपण तिकडे लक्ष देत नाही. भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात धरून बराच वेळ चावत राहा. हळूहळू गोड लागू लागतो. लाळेतला एक पदार्थ स्टार्चची माळ तोडतो, म्हणून हे होते. दुसरे उदाहरण नाचणीचे. साध्या नाचणीच्या पिठाची लापशी घट्ट होते. तीच नाचणी मोड आणून, वाळवून दळली तर तेवढ्याच पिठाची लापशी पातळ आणि गोडसर होते. मोड येताना दाणा स्वतःच माळ तोडण्याची कात्री तयार करतो. या कात्र्यांना शास्त्रात एन्झाइम किंवा विकर म्हणतात.

परदेशात मक्यापासून मद्य करणारे लोक हेच काम मोड आणलेल्या बार्लीने करीत आले. अमेरिकेतल्या बर्बन व्हिस्कीत कायद्यानेच किमान ५१ टक्के मका असावा लागतो. तिथे शिजवलेल्या मक्यात मोडाची बार्ली मिसळतात, ती याचसाठी. जपानी लोक मोडाऐवजी तांदळावर वाढवलेली एक बुरशी वापरीत. जोकिची ताकामिने नावाच्या जपानी रसायनशास्त्रज्ञाने ही विद्या अमेरिकेत नेली आणि बुरशीपासून काढलेल्या एन्झाइमचे पेटंट १८९४ साली मिळवले. आज आपल्या आसवनीत डब्यांतून येणारी एन्झाइमे त्याच वाटेवरची आहेत.

आता आपल्याकडचा क्रम बघा.

पहिले काम दळणाचे. मका स्वच्छ करून त्याचा भरडा केला जातो. फार जाड राहिला तर दाण्याच्या पोटातला स्टार्च सुटत नाही. फार बारीक झाला तर पुढे गाळसाळ अडते.

दुसरे काम शिजवण्याचे. भरडा गरम पाण्यात कालवतात. साधारण ६२ ते ७२ अंश सेल्सिअसला मक्याचा स्टार्च फुगतो आणि कपड्यांना देण्याच्या खळीसारखा घट्ट होतो. एवढी खळ पंपाने ढकलता येणार नाही. म्हणून त्याच वेळी अल्फा अमायलेज हे पहिले एन्झाइम घालून ८५ ते ९० अंशांच्या आसपास ठेवतात. ते माळेचे मधूनमधून तुकडे पाडते आणि खळ पातळ होते.

तिसरे काम साखर करण्याचे. पातळ झालेली खळ थंड करून तिचा सामू साडेचारच्या आसपास आणतात आणि ग्लुकोअमायलेज हे दुसरे एन्झाइम घालतात. ते तुकड्यांच्या टोकाकडून एकेक मणी सोडवत जाते. हे एन्झाइम बहुधा यीस्टबरोबरच फर्मेंटरमध्ये सोडतात. एकीकडे साखर सुटते, दुसरीकडे यीस्ट ती खाते. यात एक मोठा फायदा आहे. एकदम सगळी साखर समोर आली तर यीस्टही गुदमरते. आपण ठिबकातून खत देतो तसाच हा प्रकार आहे.

काम झाले की नाही हे बघण्याची खूणही सोपी. थोड्या गार केलेल्या नमुन्यावर आयोडीनचा थेंब टाकायचा. निळा रंग आला तर स्टार्च अजून शिल्लक आहे.

यीस्टची निवड म्हणजे बेण्याची निवड

सभासद विचारतात, यीस्ट ते यीस्ट, त्यात निवड कसली? आम्ही त्यांना उलट विचारतो, ऊस तो ऊस, मग तुम्ही वाण का निवडता? को ८६०३२ एका जमिनीला मानवतो, चोपण-खारवट जमिनीत फुले २६५ तग धरतो. यीस्टचेही तसेच. जात एक, पण वाण अनेक. वाण निवडताना आसवनीत पाच गोष्टी बघतात.

एक, उष्णता. यीस्ट ३० ते ३४ अंशांवर खुशीत असते. काम करताना ते स्वतःच उष्णता सोडते, त्यात आपला एप्रिल-मे. फर्मेंटर ३६-३७ अंशांच्या वर गेला की यीस्ट थकते आणि मरू लागते. म्हणून थंड पाण्याची सोय तर लागतेच, पण उष्णता सोसणारा वाणही लागतो.

दोन, अल्कोहोल सोसण्याची ताकद. यीस्टने तयार केलेले अल्कोहोल त्यालाच विष ठरते. मळीच्या वॉशमध्ये अल्कोहोल साधारण ८ ते १० टक्के होते, मक्याच्या वॉशमध्ये ते १२ ते १४ टक्क्यांपर्यंत नेतात. शेवटच्या दोन टक्क्यांत जो वाण दम सोडतो, तो मागे साखर शिल्लक ठेवतो.

तीन, क्षार सोसण्याची ताकद. हा मुद्दा मळीसाठी महत्त्वाचा. उसातले सगळे क्षार शेवटी मळीत गोळा होतात. मळीवर पोसलेला वाण म्हणजे खारवट जमिनीतला वाण. मक्यात क्षारांचा त्रास नाही, पण घट्टपणा आणि जास्त अल्कोहोल सोसावे लागते. म्हणून मळीचे यीस्ट डोळे झाकून मक्याला लावू नये.

चार, वेग. मळीचा वॉश साधारण २४ ते ३० तासांत उतरतो. मक्याला ५० ते ६० तास लागतात. जितके तास जास्त, तितकी इतर जंतूंना घुसायला सवड जास्त.

पाच, शुद्धता. कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सन यांनी १८८३ साली एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवून दाखवले. त्याआधी मागच्या घाण्याचे विरजण पुढच्याला लावीत. चांगले लागले तर नशीब, नाहीतर सगळेच आंबट.

बाजारात ब्रेडचे यीस्ट स्वस्त मिळते, ते का नाही, असेही विचारले जाते. जात तीच आहे आणि साखर मिळाली तर तेही अल्कोहोल करील. पण त्याची निवड झाली आहे ती पीठ झटपट फुगवण्यासाठी. उन्हाळ्यातल्या तापलेल्या फर्मेंटरमध्ये १३-१४ टक्के अल्कोहोलात साठ तास टिकण्यासाठी नव्हे. आडसालीच्या जागी लवकर येणारा वाण लावून आडसालीचे वजन मागण्यासारखे ते आहे.

बेणेमळ्याशी तर याचे फारच साम्य आहे. आपण मूलभूत बेण्यापासून पायाभूत, पायाभूतपासून प्रमाणित बेणे करतो. प्रयोगशाळेतही यीस्ट आधी काचेच्या नळीत, मग चंबूत, मग लहान टाकीत आणि शेवटी मोठ्या फर्मेंटरमध्ये असे पायरीपायरीने वाढवतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट ही संस्था १९७५ पासून ऊस आणि साखरेचे काम करीत आहे. तिथे मद्यार्क तंत्रज्ञानाचा वेगळा विभाग आहे.

मळीत आणि मक्यात आणखी एक फरक आहे. मळीच्या वॉशमधले यीस्ट वेगळे काढून पुन्हा वापरता येते. हा झाला खोडवा. मक्याच्या वॉशमध्ये भरड्याचा चोथा मिसळलेला असतो, त्यातून यीस्ट निवडून काढता येत नाही. म्हणून मक्याला दर खेपेस नवी लागणच करावी लागते.

फर्मेंटरमधले चोर

साखर खाणारे यीस्ट एकटेच नाही. दूध नासवणारे, ताक आंबट करणारे जंतूही तिच्यावर टपलेले असतात. ते साखर खातात आणि तिचे लॅक्टिक ॲसिड किंवा ॲसेटिक ॲसिड करतात. एवढ्यावर भागत नाही, हीच ॲसिडे वाढली की यीस्टचेही काम मंदावते. म्हणजे चोर माल नेतो आणि जाताना मालकाला मारतोही.

हा चोर प्रथम पकडला गेला तो एका साखरेच्याच पिकात. फ्रान्समधील लील शहरात १८५६ साली बीटरूटपासून अल्कोहोल करणाऱ्या एका कारखानदाराचा माल आंबट होऊ लागला. तो लुई पाश्चर यांच्याकडे गेला. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघितले, तेव्हा चांगल्या पिंपात यीस्टचे गोल दाणे दिसले आणि नासलेल्या पिंपात काडीसारखे बारीक जंतू. पुढच्याच वर्षी, १८५७ मध्ये, त्यांनी लॅक्टिक आंबवणीवरचा निबंध प्रसिद्ध केला. आज दवाखान्यात जंतूंविषयी जे बोलले जाते, त्याची एक वाट अशी बीटच्या पिंपातून निघालेली आहे.

चोराला आवरण्याचे उपाय तीन. टाक्या आणि पाइप गरम पाण्याने, वाफेने धुणे. यीस्ट भरपूर आणि तरतरीत घालणे, म्हणजे ते आधी पंगतीला बसते. आणि सामू किंचित आंबट ठेवणे, कारण तेवढा आंबटपणा यीस्ट सोसते, बरेचसे जंतू सोसत नाहीत. अमेरिकेच्या केंटकी राज्यात मक्याच्या मद्यात आधीच्या घाण्याचे आंबट पाणी थोडे परत मिसळतात. ही पद्धत शास्त्रशुद्ध बसवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकातल्या जेम्स क्रो यांना दिले जाते. आपल्या आसवनीतही ऊर्ध्वपातनानंतरचे पातळ पाणी काही प्रमाणात परत फिरवतात. त्यात पाण्याची बचत आहेच, सामूही राखला जातो.

हिशेबाची बाजू

१ टन मका घ्या, त्यात ६२ टक्के स्टार्च धरा. ६२० किलो स्टार्चमध्ये पाणी मिसळून साधारण ६८८ किलो ग्लुकोज होते. त्याचे पुस्तकी हिशेबाने सुमारे ४४६ लिटर अल्कोहोल. शंभरातले ८५ हाती आले तर ३८० लिटर. टनाला ३८० लिटर हाच आकडा सर्वसाधारणपणे मक्यासाठी धरला जातो. सी-हेवी मळीसाठी तो टनाला २२५ लिटर, तर बी-हेवीसाठी ३०० लिटर धरतात.

आता दिवसाला ६० हजार लिटरची एक आसवनी मनात धरा. तिची कार्यक्षमता ८८ टक्क्यांवरून ८६ वर आली, म्हणजे फक्त दोन टक्के घसरली, तर रोजचे सुमारे १,३६० लिटर गेले. २०२३-२४ मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर लिटरला ७१ रुपये ८६ पैसे होता. त्या दराने हे नुकसान दिवसाला ९७ हजारांवर जाते, शंभर दिवसांत ९७ लाखांवर. हे पैसे कुणाच्या खिशातून जातात? उसाच्या अंतिम बिलातून. म्हणून यीस्ट, सामू, जंतू या गोष्टी प्रयोगशाळेतल्या साहेबांपुरत्या नाहीत.

खळ्यावरचे काम

आणि त्या दोन टक्क्यांची राखण आसवनीच्या फाटकाबाहेरच सुरू होते. आपल्या खळ्यावर.

पहिली गोष्ट ओलावा. मका १४ टक्के ओलाव्याच्या आत असावा. १८ टक्के ओलाव्याचा १०० क्विंटल मका म्हणजे १४ टक्क्यांच्या हिशेबाने ९५ क्विंटल ३५ किलोच. बाकीचे पाणी. वजनकाट्यावर हे पाणी मक्याच्या भावाने विकत घेतले, तर तो तोटा सगळ्या सभासदांचा होतो. म्हणून ओलाव्याची कपात लागते, त्यात कुणावर राग नाही.

दुसरी गोष्ट बुरशी, आणि ही गोष्ट पैशापेक्षा मोठी आहे. कणीस भिजले, ओलेच मळले, पोत्यात भरून ठेवले की त्यावर हिरवट-पिवळी बुरशी येते. तिच्यापासून अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार होऊ शकते. हे विष शिजवल्याने जात नाही, आंबवल्यानेही जात नाही. ऊर्ध्वपातनात ते स्पिरिटबरोबर वर चढत नाही हे खरे, पण मग ते जाते कुठे? ते चोथ्यात राहते. टनभर मक्यातून साधारण ३०० किलो वाळलेला चोथा निघतो. त्याला डीडीजीएस म्हणतात. स्टार्च निघून गेल्यामुळे त्यात प्रथिने एकवटतात, आणि तसेच विषही. मक्यात जेवढे होते त्याच्या जवळपास तिप्पट. हा चोथा कोंबड्यांच्या आणि गाई-म्हशींच्या खाद्यात जातो आणि विषाचा अंश दुधात उतरतो. ते दूध डेअरीत जाते आणि घरातल्या पोरांच्या पेल्यातही येते. बुरशीचे एक पोते चांगल्या पन्नास पोत्यांत मिसळून खपवले, तर ते फिरून आपल्याच गोठ्यात येणार आहे, हे प्रत्येकाने ध्यानात घ्यावे.

तिसरी गोष्ट खडे-माती. गिरणीचे दात आणि पंप यांनी झिजतात, शिवाय मातीबरोबर वरचे चोरही आत येतात.

मळीच्या बाजूनेही हेच लागू आहे. तुटलेला ऊस दोन-तीन दिवस फडात किंवा गाडीत पडून राहिला की त्यात जंतू शिरतात, साखर घटते आणि ॲसिडे वाढतात. ती पुढे मळीत येऊन यीस्टला जाचतात. जळिताचा ऊस तर याबाबत फारच वाईट. म्हणजे ताजा, स्वच्छ ऊस दिला तर उतारा वाढतो, आणि त्याच उसाची मळी आसवनीतही बरी चालते.

हे घरी का करू नये?

आता राहिला तरुण सभासदांचा प्रश्न. काही जण म्हणतात, परदेशात लोक हौसेने मका आंबवतात, यीस्टची पाकिटे मिळतात, मग आपण का नाही? इथे आडवळण नको. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणे हा गुन्हा आहे. त्यासाठी भट्टी, भांडी, साहित्य बाळगणे हाही गुन्हाच आहे. काळा गूळ आणि नवसागर यांच्या हातभट्टीने किती घरे बसली, हे गावोगावच्या माउल्यांना विचारा.

कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी धोके आहेतच. १ लिटर अल्कोहोल तयार होताना सुमारे पाऊण किलो कार्बन डायऑक्साइड सुटतो. तो हवेपेक्षा जड, तळाशी साचणारा, डोळ्यांना न दिसणारा. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपले वाडवडील कंदील सोडून बघत, ते अशाच वायूच्या भीतीने. बंद खोलीत किंवा खड्ड्यात हा वायू माणूस मारतो. आसवनीतल्या टाकीतही हवा तपासल्याशिवाय आणि वर माणूस उभा केल्याशिवाय कोणी उतरत नाही. दुसरा धोका आगीचा. अल्कोहोलची वाफ आणि उघडी चूल एकत्र आली की पुढचे सांगायला नको.

मिथेनॉलविषयी बराच गैरसमज आहे. धान्याच्या किंवा मळीच्या आंबवणीत मिथेनॉल फारच थोडे तयार होते. विषारी दारूचे मोठे बळी जातात ते कारखान्यांत रसायन म्हणून वापरले जाणारे मिथेनॉल दारूत मिसळल्याने. जून २०१५ मध्ये मुंबईतील मालवणीत अशाच दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. इथेनॉल आणि मिथेनॉल दिसायला सारखेच, वासाला जवळपास सारखेच. जिभेवर फरक कळत नाही, पण डोळे जातात आणि जीवही जातो. कारखान्यातून इंधनासाठी जाणारे इथेनॉलही पिण्यासाठी नसते. त्याच्या टँकरजवळ बाटली घेऊन कोणी उभा राहिला तर त्याला तिथेच थांबवावे.

आंबवण्याची विद्या आपल्याला परकी नाही. दही, इडली, आंबील, सगळे तिचेच प्रकार. पण स्पिरिटची विद्या परवान्याच्या, प्रयोगशाळेच्या आणि थंड पाण्याच्या आधाराने चालणारी आहे. ती सोय सभासदांनी आपल्या भागभांडवलातून उभी केली आहे, तीच वापरावी.

सभासदांसाठी सूचना

१. मक्याचे कणीस शेतातच चांगले पक्व होऊ द्यावे. दाण्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला म्हणजे दाणा पक्व झाला असे समजावे.

२. मळणीनंतर मका ताडपत्रीवर किंवा सिमेंटच्या खळ्यावर वाळवावा, मातीवर नको. डांबरी रस्त्यावर वाळवू नये.

३. पोती लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचावीत.

४. बुरशीचा, कुजका, भिजलेला मका वेगळा ठेवावा. तो चांगल्यात मिसळू नये आणि जनावरांनाही घालू नये.

५. खोडवा मोडल्यावर मोकळ्या होणाऱ्या क्षेत्रात पाणी असेल तरच मका घ्यावा. लागणीच्या क्षेत्रावर मक्यासाठी पाणी सोडू नये. लष्करी अळी २०१८ पासून आपल्याकडे आली आहे, तेव्हा पोंग्याची पाहणी पहिल्या पंधरवड्यापासूनच करावी.

६. ऊस तोडल्यापासून शक्य तितक्या लवकर काट्यावर आणावा. पाचट, माती, वाढे यांची भेसळ टाळावी.

यीस्ट काही कुणाचे देणे लागत नाही. त्याला पोटभर साखर, बेताची उष्णता आणि स्वच्छ जागा मिळाली की ते आपले काम इमानाने करते. यांतली उष्णता आणि जागा आसवनीने सांभाळायची, साखर सभासदांनी. मका असो की ऊस, चांगला माल द्या, म्हणजे वर्षअखेरच्या बिलात त्याचा हिशेब दिसेल. ओलावा तपासण्याची सोय आणि अधिक माहिती आपापल्या गटाच्या शेतकी कार्यालयात मिळेल. सभासदांनी पाव-अर्धा किलो मक्याचा नमुना बरोबर घेऊन अवश्य यावे.

– ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग